'ब्रेक'चं मराठी करताना: फुटलं, तुटलं, मोडलं की सुटलं?

रात्रपाळीचे माझे पहिलेच दिवस होते. वृत्तसंस्थेकडून आलेली चार ओळींची इंग्रजी बातमी समोर पडली होती. परगावी अपघातात एक तरुण गेला, आणि पोलिसांनी 'ब्रोक द न्यूज टू हिज फॅमिली'. मी झटक्यात लिहिलं, 'पोलिसांनी ही बातमी कुटुंबीयांसमोर फोडली.' आमच्या उपसंपादक बाईंनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहिलं. "बातमी फोडली? दहावीचा पेपर आहे का तो?" म्हणाल्या, आणि ओळ खोडून वर लिहिलं: 'पोलिसांनी ही गोष्ट घरच्यांच्या कानावर घातली.'

त्या ओळीत 'ब्रेक'चा मागमूसही नव्हता आणि तरी तीच बरोबर होती. पुढची कित्येक वर्षं भाषांतर करताना हे क्रियापद मला दर आठवड्याला कुठे ना कुठे अडवत राहिलं. 'ब्रेक, ब्रोक, ब्रोकन' पाठ असतं, शब्दकोशात पहिला अर्थ 'तोडणे' दिलेला असतो, आणि तो चिकटवला की दहातली सहा वाक्यं बिघडतात. इंग्रजीला एक क्रियापद पुरतं, मराठी त्याच जागी निदान चार वापरते, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं ते 'ब्रेक' सांगत नाही. ते सांगते मोडलेली वस्तू. म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवायचा: क्रियापदाचा अर्थ नंतर, आधी वस्तूकडे बघायचं.

पहिली पायरी: स्वयंपाकघरात जाऊन बघा

खरंच जा. काचेचा ग्लास खाली पडला तर तो फुटतो. सुतळी ताणली तर तुटते. लाटण्यावर पाय पडला तर ते मोडतं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'ब्रोक'. मराठी माणूस मात्र लहानपणापासून न चुकता तीन वेगळे शब्द वापरतो, आणि 'ग्लास तुटला' असं कुणी म्हटलं की हिंदी कानावर पडलंय हे लगेच ओळखतो.

'फुटणं' हे ठिसूळ किंवा पोकळ वस्तूंचं. काच, मडकं, अंडं, फुगा, नारळ, डोकं. पुष्कळदा आतलं काहीतरी बाहेर येतं. म्हणूनच धरणही फुटतं. १२ जुलै १९६१ ला काय झालं हे पुण्यातल्या जुन्या माणसांना विचारा, 'पानशेत फुटलं' असंच ऐकायला मिळेल. 'धरण मोडलं' किंवा 'तुटलं' कुणी म्हणणार नाही. गरोदरपणातलं 'वॉटर ब्रोक' हेही इथलंच: पाणमोट फुटली. किनाऱ्यावर लाटा 'ब्रेक' होतात त्याही मराठीत फुटतातच. कोकणातल्या बंदरांवर 'ब्रेकवॉटर' म्हणून जी दगडी भिंत असते, तिचं काम म्हणजे लाटा बाहेरच फोडणं.

'तुटणं' हे ताणलेल्या किंवा कशाला तरी जोडलेल्या वस्तूचं. दोरी, तार, साखळी, गुंडी, चपलेचा अंगठा. एका जागचा दुवा निखळला की तुटलं. लादीतला पाव आपण तोडतो, कारण तो शेजारच्या पावाला चिकटलेला असतो. मात्र सावध राहा: फुलं तोडली, ऊस तोडला यांत 'ब्रेक' नाही. इंग्रजीत फुलं खुडली जातात नि ऊस कापला जातो. मराठी तोडण्याचा पसारा इंग्रजी 'ब्रेक'च्या बाहेरही बराच आहे.

'मोडणं' सगळ्यांत मजेदार. काहीतरी ताठ असतं, त्याला आकार किंवा घडण असते, आणि ती घडण जाते. हाड मोडतं, काठी मोडते, खुर्ची मोडते, पोराचं खेळणं मोडतं. भाकरीही मोडतात, कालवणात कुस्करण्याआधी ती हातानेच मोडायची असते, आणि मराठी बायबलातही येशू भाकर मोडून शिष्यांना देतो. इंग्रजीतल्या 'ब्रेक ब्रेड'ला इतकं नेमकं मराठी दुसरं नसेल. पाचशेची नोटही मोडतात. 'कॅन यू ब्रेक अ फाइव्ह हंड्रेड' या वाक्याचं भाषांतर करायला बसूच नका, वाण्याकडे गेल्यावर आपण रोज विचारतो तेच ते: 'पाचशेची मोड आहे का?'

आणि साडीची घडी मोडतात. नवी साडी पहिल्यांदा नेसायचा मान बहिणीला नाहीतर भाचीला द्यायचा असेल तर 'घडी तू मोड' म्हणतात. इथे काही बिघडत नाही, उलट लाडच असतो. इंग्रजीत याला 'ब्रेक' लागत नाही, पण नव्या बुटांना लागतो: 'ब्रेक इन न्यू शूज'. त्याचं मराठी कोल्हापुरी वापरणाऱ्याला सांगायला नको. आधी चप्पल चावते, मग तिला तेल लावतात, चार दिवस घरातल्या घरात घालतात, आणि मग ती पायात रुळते. 'ब्रेक इन'ला इथे 'रुळवणं' हाच शब्द. बिचकणाऱ्या तरण्या घोड्याला 'ब्रेक' करतात तेव्हाही त्याचं काही मोडत नाहीत, त्याला माणसाळवतात.

दुसरी पायरी: कुणी मोडलं?

इंग्रजीत 'द कप ब्रोक' आणि 'आय ब्रोक द कप', दोन्हीकडे क्रियापद तेच. मराठीत कप फुटला आणि मी कप फोडला. तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं अशा जोड्या आहेत, आणि त्यातला 'ओ' आला की माणूस आरोपी झाला. घरातल्या पोराला हे व्याकरण न शिकवता येतं. स्वयंपाकघरातून आवाज येतो, आई विचारते "काय फोडलंस?" आणि उत्तर येतं, "बशी फुटली."

मोडणं मात्र या नियमातून सुटलं. खुर्ची मोडली, आणि त्याने खुर्ची मोडली, दोन्हीकडे मोडणंच. आपल्याकडचं हेच एक क्रियापद नेमकं 'ब्रेक'सारखं वागतं.

इथे नवखा भाषांतरकार हमखास फसतो ते 'ही ब्रोक हिज आर्म'पाशी. वाक्यरचना पाहून 'त्याने आपला हात मोडला' लिहिलं की मराठी वाचकाला वाटतं, मुद्दाम? इंग्रजीत कर्ता पुढे आला म्हणून हेतू आला असं नसतं. आपण म्हणतो 'त्याचा हात मोडला', किंवा निष्काळजीपणावर बोट ठेवायचं असेल तर 'हात मोडून घेतला'. 'घेतला'मध्ये मायेचा नाही, पण रागाचा एक धपाटा आहे, तो वाया घालवू नये.

तिसरी पायरी: वस्तू दिसत नाही तेव्हा

आता लाक्षणिक अर्थ. इथे हात लावायला ग्लास नाही, लाटणं नाही. मग प्रश्न असा विचारायचा: काय अखंड चाललं होतं, जे आता राहिलं नाही? वचन, कायदा, झोप, मौन, उपास, विक्रम, सवय. यांतलं बहुतेक सगळं मराठीत 'मोडणं'कडे जातं. शब्द मोडला, नियम मोडला, झोप मोडली, विक्रम मोडला, ठरलेलं लग्न मोडलं. कारण तेच, लाटण्याचं: काहीतरी ताठ उभं होतं, त्याला घडण होती.

कायद्याच्या बाबतीत तर हे क्रियापद इतिहासात जाऊन बसलं आहे. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं. त्याच वर्षी आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही गेले. मीठ उचलून मोडला तो कायदा. याला मराठीने नाव दिलं सविनय कायदेभंग. हा 'भंग' संस्कृतातून आलेला, आणि जिथे भाषा औपचारिक करायची असेल तिथे तो 'ब्रेक'साठी तयार असतो: वचनभंग, तपोभंग, स्वप्नभंग, प्रेमभंग, अस्थिभंग, आचारसंहितेचा भंग. विधिमंडळात आमदार हक्कभंगाचा प्रस्ताव आणतात, त्यातला भंग म्हणजे इंग्रजी 'ब्रीच', आणि 'ब्रीच' हा 'ब्रेक'चा सख्खा भाऊ. लॅटिनकडून आलेले 'फ्रॅक्चर', 'फ्रॅक्शन' आणि 'फ्रॅजाइल' हेही त्याच मुळाचे चुलते. शाळेत अपूर्णांक शिकताना 'फ्रॅक्शन' म्हणजे मोडलेला तुकडा हे कुणी सांगितलं असतं तर गणित कदाचित सोपं गेलं नसतं, पण शब्द लक्षात राहिला असता.

कुठे 'मोडला' आणि कुठे 'भंग' हे वाक्याच्या पोशाखावर ठरवा. 'त्याने शब्द मोडला' हे पारावरचं, 'त्याने वचनभंग केला' हे नाटकातलं किंवा नोटिशीतलं. पारावरच्या माणसाच्या तोंडी भंग घातला की तो एकदम दाढी लावून उभा राहतो.

उपासाकडे मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे मराठी इंग्रजीपेक्षा बारीक कातते. 'ब्रेक द फास्ट' याचं मराठी 'उपास मोडणे' नव्हे. उपास सोडतात. एकादशी झाली, द्वादशीला आंघोळ करून वरणभात खाल्ला, की उपास सोडला. मोडतो तो अपघाताने किंवा मोहाने. माझ्या आजीला एकदा शेजारच्या सूनबाईंनी भाबडेपणाने चहाबरोबर बिस्किट दिलं. आजीने बोलण्याच्या नादात अर्धं खाल्लं, मग हातातल्या उरलेल्या अर्ध्याकडे बघत राहिली. "मोडला गं बाई," एवढंच म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. एक उपास पुरा होऊन संपला, दुसरा वाटेत बिघडला. इंग्रजी दोघांना एकाच क्रियापदात बसवते. म्हणून नेता लिंबूपाणी घेतो तेव्हा 'उपोषण सोडले' लिहायचं. 'उपोषण तोडले' ही हिंदीची नक्कल, आणि 'उपोषण मोडले' लिहिलंत तर नेत्याच्या लोकांचा फोन येईल.

'ब्रेकफास्ट' याच घरातला, रात्रभराचा उपास सोडणारा. मौनही असंच: ते सोडतात. पण शांतता भंगते. आणि व्यसन सुटतं, ते मोडत नाही. सवय मात्र मोडता येते. याला नियम काय? माझ्या मते हा: जे आपण धरलेलं असतं ते सोडलं जातं, जे आपल्याला धरून असतं ते सुटतं, आणि जे उभं असतं ते मोडतं. शंभर टक्के चालत नाही, पण ऐंशी वेळा उपयोगी पडतो.

चौथी पायरी: मोडून नव्हे, उगवून

'ब्रेक'ची दुसरी बाजू नाशाची नाहीच. 'द डे ब्रोक', 'शी ब्रोक इंटू अ स्माइल', 'ही ब्रोक आउट इन अ स्वेट'. काहीतरी आवरण होतं, ते भेदून आतलं बाहेर आलं. इथे आपला फुटणं असा काही धावून येतो की दोन्ही भाषांनी ठरवून केल्यासारखं वाटावं. तांबडं फुटलं. घाम फुटला. हसू फुटलं. हुंदका फुटला. पोरगा चौदा-पंधराचा झाला की त्याचा आवाज फुटतो, इंग्रजीतही तो 'ब्रेक'च होतो. आपण त्याच्या पुढे गेलो आहोत: पालवी फुटते, कोंब फुटतो, मुक्याला वाचा फुटते, आणि लढाईला तोंड फुटतं.

'वॉर ब्रोक आउट'चं 'युद्धाला तोंड फुटलं' यापेक्षा चांगलं मराठी मला माहीत नाही. पण 'ब्रेक आउट'ला सगळीकडे फुटणं लावू नका. आग लागते. पुरळ उठतं. साथ येते नाहीतर पसरते: १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा 'आउटब्रेक' झाला, त्याला आपण 'प्लेगची साथ आली' म्हणतो. तुरुंगातून 'ब्रेक आउट' केलं तर तुरुंग फोडला. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटलांनी सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडला. 'तुरुंगातून पळाले' म्हटलं तर माहिती तीच राहते, पण प्रसंगाचा रंग जातो.

पाचवी पायरी: मागचं शेपूट बघा

'डाउन', 'अप', 'ऑफ', 'इन', 'इव्हन' अशी शेपटं लागली की 'ब्रेक'चा अर्थ शेपटाकडे जातो. इथे पाठांतराला पर्याय नाही, पण एक-दोन नीट समजून घेतली तर बाकीची अंदाजाने येतात.

'ब्रेक डाउन' घ्या. गाडी 'ब्रेक डाउन' झाली म्हणजे बंद पडली, मोडली नाही. बोलणी 'ब्रेक डाउन' झाली म्हणजे फिसकटली. माणूस 'ब्रेक डाउन' झाला म्हणजे त्याचा बांध फुटला किंवा तो ढसाढसा रडू लागला. आणि खर्चाचं 'ब्रेकडाउन' मागितलं तर? ही माझी आवडती जागा. मराठीत याला नेमका शब्द आहे, फोड. 'खर्चाची फोड करून द्या.' संधीचीही आपण फोड करतो: सूर्य अधिक उदय. कार्यालयात बसलेले लोक उगाच 'ब्रेकअप पाठवा' म्हणतात आणि मग शेजारच्या टेबलावरचे हसतात.

'ब्रेक अप' म्हणजे तुकडे होऊन पांगणं. संसार मोडतो, जमाव पांगतो, शाळेला सुट्टी लागते. फोनवर 'यू आर ब्रेकिंग अप' म्हणजे तुमचा आवाज तुटक येतोय. 'ब्रेक ऑफ' अर्धवट थांबण्याचं: सोयरीक मोडली, बोलता बोलता तो गप्प झाला.

'ब्रेक इव्हन' जरा आकड्यांत बघू, नाहीतर 'ना नफा ना तोटा' हे पाठ होतं आणि कळत नाही. समजा चहाची टपरी आहे. जागेचं भाडं महिना ९,००० रुपये, हाताखालच्या पोराचा पगार १२,०००. एकूण २१,००० काहीही न विकता जाणार. चहा १२ रुपयांना, त्याला दूध-साखर-गॅस धरून ५ रुपये लागतात, म्हणजे कपामागे ७ सुटतात. २१,००० ला ७ ने भागा: ३,००० कप. महिन्याचे ३० दिवस धरले तर रोज १०० कप. शंभराव्या कपाला टपरीवाला 'ब्रेक इव्हन' झाला. तो स्वतः काय म्हणतो? 'खर्च निघाला.' तेच लिहा. भाषांतरात 'समभंग' वगैरे काही लिहिलेलं मी पाहिलं आहे. असा शब्द कुठल्या टपरीवर ऐकू येत नाही.

'ब्रेक इन' म्हणजे चोरी. पोलिसांच्या नोंदीत ती घरफोडी. गंमत अशी की १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ४४५ मध्ये 'हाऊस ब्रेकिंग'चे सहा प्रकार सांगितले होते, आणि चोरीसाठी घरात शिरताना नुसतं कुलूप उघडलं तरी त्यात मोडत होतं. म्हणजे बनावट किल्लीने, एकही फळी न हलवता केलेलीही घरफोडीच. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण घरफोडी हा शब्द राहिला. लाक्षणिक अर्थ कवितेतच असतो असं नाही, तो कायद्याच्या पुस्तकातही निमूट बसलेला असतो.

सहावी पायरी: दिसायला जुळे, स्वभावाने वेगळे

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

'ही ब्रोक हर हार्ट' याचं 'त्याने तिचं मन मोडलं' करायचा मोह होतो. पण मराठीत मन मोडणं म्हणजे कुणाची इच्छा डावलणं. 'आईचं मन मोडवेना म्हणून लाडू खाल्ला' हे वाक्य घ्या. यात प्रेमभंग नाही, लाडू आहे. बरं, मग 'काळीज तुटलं'? जीव तुटणं, काळीज तुटणं हे आपल्याकडे कळवळ्याचं आहे. परदेशी गेलेल्या लेकासाठी आईचा जीव तुटतो. तो धडधाकट असतो, दर रविवारी फोन करतो, तरी तुटतो. 'ब्रेक'मधला फसवणुकीचा, सोडून जाण्याचा घाव त्यात नाही. मग लिहायचं काय? 'तो तिला दुखावून गेला', 'तिच्या काळजाला घरं पडली', प्रेमाचं प्रकरण असेल तर 'तिचा प्रेमभंग झाला'. प्रसंगाप्रमाणे निवडा.

'ब्रेक द बॅक ऑफ' हे कामाबद्दल आलं तर चांगली बातमी असते: कामाचा अवघड भाग उरकला, आता उतार. आपलं कंबरडं मोडणं मात्र वाईटच: महागाईने कंबरडं मोडलं. शब्दशः भाषांतर केलंत तर मूळ वाक्यातली माणसं खूश असतील आणि वाचक हळहळतील.

'न्यूज ब्रोक' म्हणजे बातमी येऊन धडकली, पसरली. 'ब्रोक द न्यूज' कुणा एका माणसाला केलं असेल तर कानावर घातलं, सांगितलं. फोडली म्हणजे गुपित उघडं केलं. पेपर फुटतो, निविदेतले आकडे फुटतात, आमदारही फुटतात. ते शेवटचं इंग्रजीत 'ब्रेक अवे' होईल.

'ब्रोक' हे नुसतं विशेषण म्हणून आलं, 'आय अ‍ॅम ब्रोक', तर तो कफल्लक आहे. खिसा फाटला आहे म्हणा, कडकी आहे म्हणा. 'मी मोडलो' म्हटलंत तर मात्र अर्थ पार बदलतो. मराठीत माणूस मोडतो तेव्हा सवाल पैशांपुरता राहत नाही.

मराठीत राहायला आलेला ब्रेक

एवढं सगळं करून, आपण बोलताना दिवसभर ब्रेकच वापरतो. इथे आणखी एक घोटाळा आहे. गाडीचा ब्रेक आणि चहाचा ब्रेक हे इंग्रजीत वेगळे शब्द, स्पेलिंगही वेगळं; देवनागरीत आले की एक होतात. ओळखायचं कसं? पुढचं मराठी क्रियापद बघा. ब्रेक लागला, ब्रेक मारला, ब्रेक फेल झाला: हा गाडीचा. ब्रेक घेतला: हा विश्रांतीचा. ब्रेक मिळाला: ही संधी, नटाला मालिकेत मिळते ती. 'विकासकामांना ब्रेक' या मथळ्यातला ब्रेक गाडीचा आहे, म्हणून कुणी त्याचं उलट इंग्रजी करताना स्पेलिंग नीट बघावं.

'मान्सूनला ब्रेक' हा मथळा मात्र दोन्हींच्या सीमेवर उभा आहे. हवामानशास्त्रात 'ब्रेक मान्सून' ही खरी संज्ञा आहे: जुलै-ऑगस्टात कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, आणि मध्य भारतातला पाऊस ओसरतो. तो विश्रांतीवाला ब्रेक, त्याचं मराठी खंड. मथळा लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा गाडी असते. शेतकऱ्याला दोन्हींची गरज नाही. त्याच्याकडे पाऊस दोन दिवस थांबून कोळपणीला सवड मिळाली तर उघडीप असते, आणि पंधरा दिवस आला नाही तर पावसाने ओढ दिली. एकीत सुटकेचा सुस्कारा, दुसरीत धास्ती. 'ब्रेक'ला ही जाण नाही.

मैदानावर तर तो खूपच रुळला. सुभाष गुप्ते यांनी डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजचे एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले ते लेग ब्रेक टाकूनच. यात मोडते ती चेंडूची सरळ रेषा. जमलेली जोडी गोलंदाज फोडतो, टेनिसमध्ये सर्व्हिस भेदतात. गल्लीतल्या कॅरमला "ब्रेक कुणाचा?" विचारलं की पहिला फटका कुणाचा ते ठरतं: मध्यभागी नीट रचलेल्या सोंगट्या फोडायच्या. आणि स्नूकरमध्ये ब्रेक म्हणजे एका दमात, खंड न पाडता केलेले गुण. एकेका गुणाचे पंधरा लाल चेंडू, प्रत्येकानंतर सात गुणांचा काळा, म्हणजे १५ गुणिले ८ झाले १२०, वर सहा रंगीत चेंडूंचे २७. मिळून १४७ चा ब्रेक. न मोडता केलेल्या गोष्टीला ब्रेक म्हणणं हे इंग्रजीलाच जमावं.

थोडा सराव

पुढची वाक्यं मी शिकायला आलेल्या मुलांना देतो. उत्तर झाकून आधी स्वतः करा.

'द फीव्हर ब्रोक.' ताप उतरला. इथे मराठीला मोडातोडीची गरज वाटत नाही.

'हिज फॉल वॉज ब्रोकन बाय अ ट्री.' पुष्कळजण लिहितात, झाडामुळे त्याचं पडणं मोडलं. अहो, तो झाडावर अडकला म्हणून वाचला.

'दे ब्रोक देअर जर्नी अ‍ॅट भुसावळ.' वाटेत भुसावळला उतरून मुक्काम केला. रेल्वेच्या खिडकीवर मात्र याला 'ब्रेक जर्नी'च म्हणतात, तिथे शुद्ध मराठीचा हट्ट धरलात तर गाडी चुकेल.

'लेट मी ब्रेक द आइस.' बर्फ फोडतो असं लिहू नका. आपल्याकडे दोन अनोळखी माणसांमध्ये बर्फ नसतो, अवघडलेपण असतं. 'मीच सुरुवात करतो' एवढं पुरे.

'ब्रेक अ लेग!' रंगमंचावर निघालेल्या नटाला दिलेली शुभेच्छा. आपल्याकडे तंगडं मोडणं ही धमकी आहे, तेव्हा 'प्रयोग रंगू दे' म्हणा.

शब्दकोश जवळ हवा असेल तर १८४७ चा मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश चाळा. पण त्याहून उपयोगी पडतो तो मोल्सवर्थचाच मराठी-इंग्रजी, १८५७ ची दुसरी आवृत्ती. तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. 'ब्रेक' शोधण्याऐवजी त्यात फुटणें, तुटणें, मोडणें उघडा. उलट्या दारानेच या शब्दाच्या घरात नीट शिरता येतं.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम मागे ठेवतो: 'द ओल्ड लेडी ब्रोक अ कोकोनट.' बहुतेकजण हसत हसत लिहितात, आजीबाईंनी नारळ फोडला. चुकीचं नाही. निवडणुकीत प्रचाराचा नारळ फुटतोच. पण आजीबाई देवापुढे बसलेल्या असतील तर त्या फोडला म्हणणार नाहीत. शुभ जागी फोडणं-मोडणं जिभेवर आणायचं नसतं, म्हणून नारळ वाढवतात, हातातली बांगडी पिचली तर ती वाढवली म्हणतात, आणि रात्री दुकान बंद करतानाही वाढवतात. मुलं विचारतात, "मग कुठलं लिहायचं, सर?" मी उलट विचारतो, आजी कुठे बसली आहे, ओट्यापाशी की देव्हाऱ्यापाशी? ते इंग्रजी वाक्यात लिहिलेलं नाही. मागचा परिच्छेद काढून वाचावा लागतो.